पिवळ्या चिठ्ठीच्या पिशव्या

४ मार्च

आज ह्यांनी ऐरणीवर कात्री फोडली. आपली नाही. परदेशातून आलेली, केशरी मुठीची. मुद्दाम मागवली होती, बघायला. करड्या प्लास्टिकच्या पाकिटातून आली आणि योगायोग म्हणजे परवा मीच तिला पोस्टात आमच्या खोलीत हाताळलं होतं. पाकिटावर आमचा पत्ता वाचून हसले होते.

आधी ह्यांनी ती ओल्या फडक्यावर चालवून पाहिली. टोकाशी कापड चावलं तिने. आमची कात्री शेवटच्या सुतापर्यंत कापते. दोन्ही पाती एकमेकांसाठी घासलेली असतात, एकीचं पातं दुसरीला लागत नाही. हे बघून ह्यांना बरं वाटेल असं मला वाटलं होतं. पण ह्यांनी पाकिटावरची किंमत वाचली आणि घण उचलला. नऊ घाव घातले. सातव्या घावाला एक तुकडा उडून भुवईत घुसला. रक्त डोळ्यात उतरलं तरी पुसलं नाही.

"शेजारच्या गावी माझी कात्री पाठवायला जेवढी तिकिटं लागतात, तेवढ्यात ही समुद्र ओलांडून आली," म्हणाले. "कात्रीसकट. तू त्या खोलीत बसतेस ना? सांग मला, हा कुठला न्याय?"

मी परदेशी टपालाच्या खोलीत वर्गवारी करते, म्हणून प्रश्न मलाच. साहेबांनी एकदा समजावलं होतं तसं सांगितलं. देशादेशांत करार असतो. बाहेरून आलेलं टपाल आपण वाटायचं, त्याचे तिकडून अगदी थोडे पैसे घ्यायचे. बाकीचा खर्च आपलं खातं सोसतं. गरीब देशातल्या माणसालाही कुठेही पत्र धाडता यावं, म्हणून कधीकाळी हे ठरलं. आता पत्रं कुणी लिहीत नाही. पत्राच्या दरात कात्र्या येतात.

"आणि खातं ते कुठून भरून काढतं?"

मी पदर ह्यांच्या भुवईवर दाबला.

"माझ्या तिकिटांतून. म्हणजे माझ्याच पैशाने माझं मरण माझ्या दारात आणून टाकता."

भुवईला दोन टाके पडले.

९ मार्च

पोस्टाच्या फाटकावर मोर्चा आला होता. कात्रीवाले, कुलूपवाले, ब्रशवाले, खेळणीवाले. पुढे आमचे भावजी. ह्यांचा धाकटा भाऊ जन्मताच ओरडला तो अजून थांबलेला नाही, असं सासूबाई म्हणायच्या. त्यांनी पाकिटांचा एक माणूस बनवला होता, प्लास्टिकच्या पोटाचा. त्याला पेटवला. काळा धूर आमच्या खोलीत आला, सगळ्या जणी खोकत बसलो.

मग पहिला दगड आला. तिकीट-खिडकीवरच्या नव्या मुलीच्या गालात काच घुसली, दात दिसत होते. पोलिसांनी काठ्या चालवल्या. आमच्या कारखान्यातले म्हातारे काका, ज्यांनी ह्यांना कानस धरायला शिकवलं, ते पळू शकले नाहीत. पडल्यावरही त्यांना मारत होते. खिडकीतून मी मोजत होते, का कोण जाणे. अकरा काठ्या.

भावजी घसा फाटेस्तोवर शिव्या देत होते. हे मात्र कडेला उभे, हात खिशात. एक शब्द नाही. मला अभिमान वाटला. एवढं पेटलेलं असताना एक माणूस शांत राहतो, तो माझ्या घरचा आहे.

१२ मार्च

काका गेले. डोक्यातलं रक्त उतरलंच नाही.

हे रडले नाहीत. स्मशानातून आले, आंघोळ केली आणि चहा केला, माझ्यासाठीसुद्धा. मग समोर बसून म्हणाले, "तुझं काम कसं चालतं गं, सांग तरी."

बारा वर्षांत पहिल्यांदा. मला आधी कळेचना कुठून सुरू करावं. सांगायला लागले आणि थांबेचना. की परदेशी लहान पाकिटांच्या पिशवीला पिवळी चिठ्ठी असते. की नियमाने ती दुसऱ्या सकाळी निघायलाच हवी, इथल्या लोकांची पार्सलं फळीवर चार-चार दिवस पडली तरी चालतात. की दोन नंबरची गाडी पहाटे पावणेसहाला निघते, चुनाभट्टीच्या मागच्या रस्त्याने नदीपलीकडच्या वाटप केंद्रात जाते. की गाडीवर ड्रायव्हर मामा एकटेच असतात, मदतनीस द्या म्हणून तीन वर्षं अर्ज करताहेत.

"एकटेच? एवढा माल घेऊन?"

"त्यांना काय होणार? गाडी खोकते आणि मामा तिच्याहून जास्त खोकतात. चोराला दया येईल."

हसले. माझ्या बोटांवर पट्ट्यांनी कापल्याच्या खुणा आहेत, त्या बघत बसले. एकेक बोट उलटं करून. मी लाजले, या वयात.

१५ मार्च

एक पाकीट फाटलं होतं. बंद करताना बघितलं, चिकटपट्टीला आतून एक लांब काळा केस चिकटलेला. बाईचा. समुद्रापलीकडे कुठेतरी माझ्यासारखीच एक बाई दिवसाला हजार पाकिटं बंद करत असेल. तिला बसायला स्टूल देत असतील का? ह्यांना हे सांगितलं नाही. आवडलं नसतं.

आज बातमी चांगली आहे. शिवणकामाच्या शाळेने ऐंशी कात्र्या मागितल्यात. चोवीस तारखेला मुलींचा नवा वर्ग सुरू होतो, त्याआधी पोचल्या तर दर सत्राला आपल्याकडूनच घेणार. उशीर झाला तर परदेशी मागवतील, बाईंनी स्पष्ट लिहिलंय. हे म्हणाले, "यावर कारखाना राहतो की जातो ते ठरेल." काका नाहीत. म्हणजे ऐंशी जोड ह्यांनी एकट्याने लावायचे.

भावजी जेवायला होते. म्हणाले, "पाठवणार कशाने? वहिनीच्या पोस्टाने? मग पुढच्या वर्षीच्या मुली वापरतील."

"तुमच्या तोंडाने पाठवू," मी म्हटलं. "सगळ्यांत लवकर पोचतं."

हे पण हसले. खूप दिवसांनी घरात माणसं हसली.

२१ मार्च

आज मी नोकरीत पहिल्यांदा खोटं काम केलं.

ह्यांनी सहा दिवस कानस खाली ठेवली नाही. तळहाताची सालटं निघालीत. काल कात्र्यांची चार पार्सलं मीच काउंटरवर दिली, तिकिटं लावून, पावती घेऊन, अगदी रीतसर. आज बघते तर ती स्थानिक फळीवर तळाला. त्यांच्यावर आठवड्याचं टपाल. चोवीसपर्यंत हलणारच नव्हती. माझ्या टेबलावर मात्र पिवळ्या पिशव्या, उद्या सकाळी नक्की निघणाऱ्या. त्यात कुणाकुणाचे मोबाइलचे डगले आणि प्लास्टिकच्या पाली.

कुणी बघत नव्हतं. चारही पार्सलं पिवळ्या पिशवीत टाकली आणि तोंड आवळलं. शाळा नदीपलीकडेच आहे, तिथला माणूस बरोबर पोचवेल. फुकट्या पाहुण्याच्या ताटात आपल्या घरच्याला जेवू घातलं, एवढंच. तिकीट तर पूर्ण भरलंय.

घरी सांगितलं नाही. ह्यांना मेहेरबानी चालत नाही.

२२ मार्च

सकाळी चुनाभट्टीपाशी दोन नंबरची गाडी अडवली. चार माणसं, तोंडाला फडकी. मामांना ओढून काढलं, लोखंडी नळीने मारलं. डाव्या हाताची तीन बोटं मोडली, कान फाटला. मग पिशव्या खाली काढून रॉकेल ओतलं.

खरं लिहायचं ठरवलंय तर लिहिते. रेडिओने धावत येऊन सांगितलं, "ताई, पिवळ्या पिशव्या पेटवल्या!" तेव्हा एक क्षण मला बरं वाटलं. (रेडिओ म्हणजे आमच्या शेजारच्या टेबलावरचा. दिवसभर बंदच होत नाही, म्हणून रेडिओ.) काकांची आठवण झाली आणि वाटलं, जळू दे. मामांचं कळायच्या आधीची गोष्ट आहे ही, पण वाटलं ते वाटलं.

मग आठवलं पिशवीत काय होतं.

साहेबांबरोबर पंचनाम्याला गेले. वितळलेल्या प्लास्टिकचा काळा गोळा आणि त्यात आमच्या कात्र्या. निळ्या पडलेल्या. आगीत पातं एकदा निळं पडलं की त्याचं पाणी गेलं, ते लोणीसुद्धा कापत नाही. रस्त्यावर मामांचं रक्त होतं, त्यात दोन-तीन पाती पडलेली. मी उचलायला गेले तर हवालदार ओरडला.

घरी आले तर हे सदरा धुवत होते. स्वतः. कोळसा आणायला पहाटेच गेले होते, काळा झाला म्हणाले. "तू दमली असशील, म्हटलं आपणच धुवावा." इतक्या मायेने बोलले की मला रडूच आलं. सगळं सांगून टाकलं.

"कुठल्या पिशवीत?" म्हणाले.

"पिवळ्या."

"कुठल्या पिशवीत टाकल्यास?"

"पिवळ्या हो. लवकर जाव्यात म्हणून."

तिसऱ्यांदा विचारलं. मग उठले आणि कारखान्याच्या दारावर मूठ मारली. पुन्हा मारली. मी कमरेला मिठी घालून ओढत होते, तरी मारत होते. दाराची फळी फुटली तेव्हा थांबले. बोटांच्या पेरांवरची कातडी सुटून लोंबत होती. ऐंशी कात्र्यांचं दुःख असं असतं. मला वाटलं माझ्यावर रागावतील. माझ्याकडे बघितलंच नाही.

२५ मार्च

शाळेचं पत्र आलं. परदेशी मागवल्या.

मामांना बघायला हॉस्पिटलात गेले. डोकं एवढं बांधलेलं की ओळखू येईनात. मला बघून म्हणाले, "गाडीचा खोकला बरा आहे ना?"

मी हसले, मग तोंडात पदर कोंबला.

म्हणाले, "ताई, माझ्या नातीच्या कानातलं यंत्र अशाच पाकिटातून आलंय. इथलं घ्यायचं तर मला अजून दोन जन्म गाडी चालवावी लागली असती. ते घातलं त्या दिवशी पोरीने पहिल्यांदा माझा खोकला ऐकला. घाबरून रडली." थोड्या वेळाने म्हणाले, "त्यांचंही खोटं नाही. पोट जळतं माणसाचं. पण मी काय केलं होतं?"

कोण होते, ओळखलंत का, विचारलं.

"तिघं शिव्या देत होते. शिव्या देणाऱ्याची भीती वाटत नाही, तो दमतो. चौथा मुकाट्याने मारत होता. एक बोट झालं की दुसरं. काम करावं तसं."

घरी येऊन ह्यांना सांगितलं. ऐकून न जेवता उठले. किती हळवे झालेत.

२८ मार्च

आज आवारात ड्रायव्हरांनी रेडिओला मारलं.

गाडीची वेळ आणि रस्ता फुटला कुठून, हा प्रश्न होता. ते फक्त साहेब, मामा, रेडिओ आणि मी, एवढ्यांनाच माहीत. साहेब कशाला सांगतील, मामा मार खाऊन पडलेत, मी बाई. उरला रेडिओ, ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. सहा-सात जण होते. गाडी वर उचलायच्या दांड्याने जबडा फोडला. तो मातीत बसून दात शोधत होता. माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाला, पण शब्द होईना. नुसती लाळ आणि रक्त.

मी जिन्यात उभी होते. खाली उतरले नाही.

मी कुणालाच सांगितलेलं नाही. म्हणजे घरी सोडून कुणालाच. आणि घर काय कुणात मोजायचं?

त्याच दिवशी, दुपारी चार

बसून विचार केला. घरी मी ह्यांना सांगितलं. घरी भावजी येतात. सगळं लख्ख दिसलं. मोर्चा काढणारे, पुतळा जाळणारे भावजी. हे साधे, बोलता बोलता भावापाशी बोलून गेले असणार.

कारखान्यात जाऊन सरळ विचारलं, "मामांच्या गाडीचं तुम्ही भावजींना सांगितलं होतंत का?"

हातातली कानस फडक्याने पुसली. मग म्हणाले, "असेन सांगितलं."

"अहो, त्यांनी मामांचा जीव घेतला असता! काकांना मारलं ते पोलिसांनी, त्याचा सूड मामांवर?"

"काकांना मारलं ते त्या पाकिटांनी," म्हणाले. आवाज इतका खालचा की मला पुढे वाकावं लागलं.

माझ्या गळ्याची शपथ घ्या, परत होऊ द्यायचं नाही, म्हटलं. घेतली. ह्यांना खोटं बोलता येत नाही, म्हणून तर लगेच कबूल केलं. दुसरा असता तर भावाला पाठीशी घातलं असतं.

भावजींशी मी बोलणं टाकलंय. ते बिचाऱ्यासारखं तोंड करून विचारतात, "वहिनी, माझं काय चुकलं?" नाटकी मेले.

३ एप्रिल

मामा कामावर आले. बोटं प्लॅस्टरमध्ये, गिअर उजव्याने, कान नाहीच जवळजवळ. रजा संपली, नात आहे, काय करणार. साहेबांनी वेळ बदलली. उद्यापासून सातला, मोठ्या पुलावरून. रेडिओ अजून घरीच आहे, त्यामुळे हे फक्त आम्हा तिघांना ठाऊक.

दुपारी घरी हे चहाची किटली घेऊन आले. हात अजून बांधलेला, तरी कप विसळून, साखर बरोबर घालून. "मामा आले का गं? बिचारे. आता तरी दिलाय का कुणी सोबतीला?"

सांगू नये असं आधी वाटलं. मग वाटलं, ज्या माणसाने गळ्याची शपथ घेतली त्याच्यापासून लपवायचं म्हणजे संसार कशाचा? बारा वर्षं कुणी विचारत नव्हतं तेव्हा मीच कुढत होते. सांगितलं. सात वाजता, मोठा पूल, एकटेच.

"पण भावजींच्या कानावर जाता कामा नये."

"नाही जाणार," म्हणाले. कप भरून बशीत, बशीतून टेबलावर चहा वाहत होता आणि हे ओततच होते.

संध्याकाळी गच्चीवरून पाहिलं, भावजींच्या गल्लीकडे निघाले होते.

४ एप्रिल

आज काही झालं नाही. गाडी नीट पोचली. पण दुपारी कारखान्यात रॉकेलचा डबा दिसला. गंज काढायला, म्हणाले.

साहेबांना सांगावं तर भावजी तुरुंगात जातील, त्यांची दोन पोरं रस्त्यावर येतील, आणि फोडलं कुणी तेही निघेल. न सांगावं तर मामा. रात्रभर कूस बदलण्यापेक्षा आत्ताच ठरवलंय. उद्या मी गाडीत बसणार. केंद्रातल्या नोंदी तपासायच्या आहेत म्हणून साहेबांकडून चिठ्ठी घेतली. भावजी कितीही तापट असले तरी वहिनीवर हात टाकणार नाहीत. मला बघितलं की मागे फिरतील आणि बाहेर कुणालाच काही कळणार नाही.

ह्यांना हे सांगितलेलं नाही. उगाच काळजी करत बसतील.

५ एप्रिल, पोलीस चौकी

लिहायला कागद मागितला तर हवालदाराने दिला. आतले साहेब येईपर्यंत बाकावर बसायला सांगितलंय. साडीवरचं रक्त वाळून कडक झालंय. माझं नाही.

पुलाच्या तोंडाशी हातगाडी आडवी होती. मामा म्हणाले, "ताई, डोकं खाली." काच फुटून मांडीवर आली. दार उघडून मामांना गळपट्टीला धरून ओढलं. मी दुसऱ्या बाजूने उतरले आणि जेवढा आवाज होता तेवढा काढून ओरडले, "भावजी! थांबा! मी आहे, वहिनी!"

कुणी वळलं नाही. पिशव्या काढणारा एक जण नुसता हसला, त्याचं हसणं भावजींचं नव्हतं. चौघांतलं कुणीच भावजी नव्हतं. भावजी उंच आहेत.

मामा पालथे पडले होते. तिघं पिशव्यांशी होते, शिव्या देत. चौथा मामांपाशी. नळी वर जात होती, खाली येत होती. घाई नाही, आवाज नाही. प्रत्येक घाव आधी बघून, जागा ठरवून. मूठ मळक्या फडक्याने बांधलेली. ती मी काल संध्याकाळी सोडली होती, हळद लावून पुन्हा बांधली होती.

मला काही कळलं असं नाही. कळायच्या आधीच तोंडातून आलं, "अहो!"

नळी वरच्या वर थांबली. चौघांतला एकच वळला.

बाकीचे पळाले. हे तिथेच उभे राहिले. फडक्याच्या वर डोळे दिसत होते. भुवईवर दोन टाक्यांची खूण. म्हणाले, "तू कशाला आलीस?" रागाने नाही. उन्हात कुठे आलीस म्हणतात तसं. मग नळी खाली ठेवली, आदळू न देता, हत्यार ठेवतात तशी, आणि पुलावरून चालत गेले. पळाले नाहीत. मी मामांचं डोकं मांडीवर घेतलं. त्यांचा श्वास बुडबुड्यांसारखा येत होता. हॉस्पिटलात नेलंय. अजून निरोप नाही.

रेडिओच्या घरी जायला हवं.

आतले साहेब आले. जबाब घेतला. वेळ आणि रस्ता मीच सांगितला, दोन्ही वेळा, हे मी आधी सांगितलं. ते लिहायचे थांबले. मग म्हणाले, "पुलावरचा भाजीवाला सांगतो, बाईंनी हाक मारली तेव्हा एक जण थांबला. कुणाला मारलीत हाक?"

"माझ्या नवऱ्याला."

त्यांनी कागद पुढे सरकवला. "पूर्ण नाव लिहा."

लिहिलं. अक्षर नीट आलं, माझं अक्षर चांगलं आहे.

"आता वाचून दाखवा. जबाब वाचून दाखवावा लागतो."

बारा वर्षांत ते नाव मी कधी तोंडाने घेतलेलं नाही. सासूबाईंसमोर नाही, कुणी हट्ट केला तेव्हा नाही, एकटी असतानाही नाही. दोन घोट पाणी प्यायले आणि मोठ्याने वाचलं.